हलकी ऑफ-रोड गाडी लांबच्या प्रवासाला तयार करताना: आधी काटा, मग शॉकअप, सामान शेवटी

लांबच्या टूरसाठी गाडी तयार करायची ठरली की पहिली खरेदी होते ॲल्युमिनियमच्या पेट्यांची. मग फॉग लाइट येतात, मग क्रॅश गार्ड, मग मोबाइलचा माउंट. चेन किट आणि कोनसेटची (हँडलच्या बेअरिंगची) आठवण निघायच्या आठवड्यात होते. शॉकअपला तर बहुतेक जण हातच लावत नाहीत. परिणाम पहिल्याच घाटात दिसतो. गाडी मागून बसलेली, पुढचं चाक हलकं, वळणात बाहेर ओढणारी, आणि समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट. हलकी गाडी घेण्याचं कारणच तिचा हलकेपणा होता, आणि तोच आपण पैसे मोजून घालवलेला असतो.

म्हणून या लेखातला क्रम महत्त्वाचा आहे. उदाहरण म्हणून हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही धरली आहे, कारण आपल्या सातारा भागात याच वर्गातल्या गाड्या जास्त दिसतात: वजन १६० किलोच्या आसपास, ताकद १९ पीएस (अश्वशक्ती), टाकी १३ लिटर, चाकं पुढे २१ आणि मागे १८ इंची, शॉकअपची चाल (चाक खाली-वर होण्याचं एकूण अंतर) पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर. जुनी इम्पल्स किंवा केएलएक्स २३० असेल तर आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. क्रम तोच राहील. निघण्याच्या निदान दोन महिने आधी कामाला लागा.

टप्पा १: वजनाचा हिशोब

काहीही विकत घेण्याआधी मॅन्युअलमधला जास्तीत जास्त भाराचा आकडा शोधून लिहून ठेवा. त्या आकड्यात तुम्ही, तुमचं हेल्मेट-जॅकेट-बूट, सामान, पाणी, हत्यारं आणि गाडीला नव्याने बसवलेली प्रत्येक वस्तू येते. लोक रॅक आणि गार्ड त्यात धरत नाहीत, आणि चूक नेमकी तिथे होते. लोखंडी रॅक, क्रॅश गार्ड आणि दोन रिकाम्या पेट्या मिळून पंधरा-वीस किलो सहज होतात, तेही आत एक कपडा ठेवण्याआधी.

आता काटा. मार्केट यार्डात किंवा धान्याच्या दुकानात प्लॅटफॉर्मचा काटा असतो. गाडीचं एक चाक काट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर ठेवा, तुम्ही पूर्ण पोशाखात बसा आणि मित्राला आकडा वाचायला सांगा. मग चाकांची अदलाबदल करा. पुढचं आणि मागचं, दोन्ही वजनं वहीत लिहा. हे दोन आकडे पुढे सातव्या टप्प्यात लागणार आहेत.

सामानाची यादीही आत्ताच करा आणि प्रत्येक वस्तू घरच्या काट्यावर तोला. एकट्याच्या प्रवासाला तंबूसकट वीस किलोच्या आत राहता येतं. तंबू नको असेल तर बारा-तेरा किलो पुरतात.

*तपासा:* बेरीज मॅन्युअलच्या मर्यादेच्या आत आहे का? नसेल तर यादी कापा. कडक स्प्रिंग टाकून ही मर्यादा वाढत नाही. चौकट, चाकं आणि ब्रेक तेच राहतात.

टप्पा २: आहे ती गाडी आधी ठणठणीत करा

नव्या वस्तू दुखण्यावर बसवल्या की दुखणं झाकलं जातं. म्हणून आधी एक पूर्ण सर्व्हिस, आणि ती करताना गॅरेजमध्ये स्वतः थांबा. मिस्त्रीला नुसतं 'सगळं बघा' म्हणू नका, एकेक गोष्ट सांगा.

कोनसेट: पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेले. मग फोर्कचं (पुढच्या शॉकअपच्या जोडीचं) खालचं टोक धरून पुढे-मागे हलवा. खटखट आली तर सैल आहे. स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) बाजूला ढकलून पाहा, बुशमध्ये ढिलेपणा नको. चाकांची बेअरिंगं, ब्रेक पॅड, फोर्कची ऑइल सील, क्लच प्लेट हे सगळं याच वेळी पाहून घ्या. ज्या वस्तूचं अर्ध्याहून जास्त आयुष्य संपलंय ती आत्ताच बदला आणि जुनी चालू स्थितीतली असेल तर घरी ठेवा.

क्लचची केबल बदलायची असेल तर एक छान सोय करता येते. नवी केबल जुनीच्या शेजारून ओढून टाय मारून ठेवा, तिची दोन्ही टोकं टेपने बंद करा. वाटेत केबल तुटली तर टाकी न काढता पाच-दहा मिनिटांत टोकं बदलून पुढे निघता येतं.

टप्पा ३: बसणं आणि उभं राहणं

खराब रस्त्यावर या गाड्या उभं राहून चालवायच्या असतात. पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहा, गुडघे किंचित वाकवा, डोळे मिटून हात पुढे सोडा. हात हँडलवर आपोआप पडले तर उंची बरोबर आहे. कमरेत वाकावं लागत असेल तर रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावा, पण दोन-तीन सेंटिमीटरच्या वर जाताना सावध राहा. ब्रेकचा होज (ऑइलची नळी) आणि केबली तेवढ्या लांब नसतात.

*तपासा:* हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, इंजिन चालू ठेवून. कुठेही होज ताणला जाता कामा नये आणि आर.पी.एम. बदलता कामा नये. आर.पी.एम. चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय. अशी गाडी रस्त्यावर काढू नका.

सीटसाठी नवी महागडी सीट लागत नाही. कुशनचं काम करणारा कारागीर दाट फोम घालून देतो. त्याला दोन गोष्टी नीट समजावून सांगा: मागचा भाग रुंद हवा, पुढचा अरुंदच राहू दे, नाहीतर पाय जमिनीला पोचत नाहीत. आणि फोम मऊ नको. दुकानात मऊ लागणारा फोम दोन तासांत दबतो आणि तुम्ही थेट पत्र्यावर बसलेले असता.

टप्पा ४: शॉकअप, जिथे सर्वांत जास्त चुका होतात

इथे घाई करू नका. गाडीचं वळणं, ब्रेक लागणं, रात्रीचा उजेड आणि तुमची कंबर, सगळं या एका कामावर अवलंबून आहे.

सामान अजून बसवलेलं नाही, म्हणून यादीतल्या वजनाएवढं तांदळाचं पोतं मागच्या सीटवर घट्ट बांधा. आता मोजमाप:

१. गाडी अशी उचला की मागचं चाक अधांतरी राहील. एक्सलच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर, पॅनेलवर टेपची खूण करा आणि अंतर मोजा.
२. गाडी खाली घ्या, पूर्ण पोशाखात बसा, दोनदा दाबून सोडा. मित्राने तेच अंतर पुन्हा मोजायचं.
३. पहिल्यातून दुसरं वजा करा. शॉकअप भाराखाली एवढा बसतो.

हा आकडा एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश हवा. मागे १७० मिलिमीटर चाल असेल तर ५५ ते ६०, पुढे १९० असेल तर ६०-६५. मागे जास्त आला तर मोनोशॉकचा (मागच्या एकुलत्या शॉकअपचा) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, एकेक पायरी चढवा आणि दर वेळी पुन्हा मोजा.

गैरसमज असा की प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते. ती कडक होत नाही, फक्त गाडीची उंची वर येते. शेवटच्या पायरीवरही शॉकअप ७० मिलिमीटरहून जास्त बसत असेल, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग मऊ आहे. मग दोनच रस्ते: मुळातच जास्त कडक स्प्रिंग बसवून घ्या किंवा भार उतरवा. फोर्कमध्ये जाड ऑइल टाकूनही हा प्रश्न सुटत नाही. जाड ऑइलने फोर्कची हालचाल मंदावते, भार पेलण्याची ताकद वाढत नाही. उलट सलग खड्ड्यांत फोर्क वर यायला वेळ मिळत नाही आणि हात बधिर होतात.

शॉकअप जमला की लगेच तीन गोष्टी तपासा. हेडलाइटचा झोत भिंतीवर पाहून खाली घ्या. साइड स्टँडवर गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा किती कलते ते पाहा. आणि स्टँडच्या तळव्याला रुंद पट्टी लावून घ्या, पावसाळ्यात कोयनेच्या भागातल्या मऊ मातीत अरुंद तळवा सरळ रुततो.

टप्पा ५: चाकं आणि चेन

तारांची चाकं चांगली, पण त्यांना लक्ष लागतं. प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकं टिचकं मारा. खणखणीत आवाज यायला हवा. एखादा बद्द वाजला तर सैल आहे. चाकाचा आउट (वाकडेपणा) आत्ताच काढून घ्या, टायर नवे टाकण्याआधी.

ट्यूबच्या व्हॉल्व्हवरचा नट रिमला आवळून बसवू नका, वर टोपीपाशी नेऊन ठेवा. टायर रिमवर सरकू लागला की व्हॉल्व्ह वाकडा दिसतो आणि तुम्हाला वेळेत कळतं. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो आणि त्या ट्यूबला पंक्चरही काढता येत नाही. सोबत एकच ट्यूब न्यायची असेल तर २१ इंची घ्या. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकात घडी मारून चालवता येते, उलटं होत नाही. दोन टॉमी (टायर काढायच्या पट्ट्या), पंक्चरचं किट आणि लहान पंप घेऊन घरी दोन्ही चाकं एकदा स्वतः काढा, ट्यूब बदला, परत बसवा. घरी जमलं नाही तर भर रस्त्यात अंधारात जमणार नाही.

चेनचा सैलपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा, पण शेवटची तपासणी भार चढवून करा. लांब चालीच्या गाडीत स्विंग आर्म खाली-वर होताना चेनचा ताण बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा पिन आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तिथे ती सर्वांत ताणलेली असते. दोन माणसं बसवून गाडी त्या स्थितीत आणा. तिथेही थोडी ढील उरली पाहिजे. ताणलेली चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

आता पुढच्या स्प्रॉकेटचा मोह. तेराच्या जागी चौदा दात टाकले की हायवेला आर.पी.एम. साधारण सात टक्क्यांनी उतरतो आणि पुणे-बंगळूर रस्त्यावर फरक सुखाचा वाटतो. पण भरलेली गाडी घेऊन खंबाटकी चढताना तोच फरक उलटा भोवतो. आणि लडाख मनात असेल तर हे करूच नका. पाच हजार मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास दाट असते. १९ पीएसचं इंजिन तिथे अकरा-बाराच देतं, आणि तेव्हा पहिला गिअर जितका छोटा तितका चांगला.

टप्पा ६: संरक्षण

इथे थोडक्यात आटपा. इंजिनखालची बॅश प्लेट, ॲल्युमिनियमच्या कण्याचे हँडगार्ड आणि रेडिएटर किंवा ऑइल कूलर असेल तर त्याला जाळी, एवढं पुरतं. नुसत्या प्लॅस्टिकचे हँडगार्ड वारा अडवतात, पडल्यावर लिव्हर वाचवत नाहीत. जाड लोखंडी क्रॅश गार्डचं वजन आधी हातात घेऊन पाहा, मग ठरवा.

*सूचना:* मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार नोंदणीतली मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. बोल्टने बसणारे रॅक, बॅगा आणि गार्ड वेगळे. चौकट कापणं, इंजिन बदलणं वेगळं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर लावूच नका. परराज्यात एमएच-११ ची (साताऱ्याची) पाटी पाहून गाडी थांबवली तर तिथे वाद घालण्यात दिवस जातो.

टप्पा ७: रॅक आणि बॅगा

हलक्या गाडीला मऊ बॅगाच घ्या. पेट्या जड असतात, आणि चिखलात घसरताना पाय पेटीखाली अडकला तर घोटा मोडतो.

रॅक गाडीच्या आहे त्या बोल्टच्या जागांवरच बसला पाहिजे. मागच्या चौकटीला नवी पट्टी वेल्ड करू नका. तापलेल्या नळीचा पोत बदलतो आणि तडा बरोबर त्या सांध्याशेजारी जातो. रॅकला दुरुस्ती हवी असेल तर तो काढून वेल्डिंगवाल्याकडे न्या. गाडीवर असताना वेल्डिंग केलं तर ईसीयू (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळण्याचा धोका असतो.

सामान लावण्याचा नियम एकच: जड ते खाली आणि पुढे, हलकं ते वर आणि मागे. हत्यारं, ट्यूब आणि पाणी टाकीशेजारच्या किंवा बॅश प्लेटवरच्या छोट्या पिशव्यांत. कपडे बाजूच्या बॅगांत. मागच्या रॅकवर फक्त झोपायची पिशवी किंवा तंबू. रॅकवर भाराची मर्यादा छापलेली असते, ती पाळा. बंजी दोरीने सामान बांधू नका, ती खड्ड्यात ताणते आणि सुटली तर चेनमध्ये जाते. बकलचे पट्टे वापरा आणि सुटं टोक गुंडाळून चिकटवा.

एक्सपल्सचा सायलेन्सर उजवीकडे वर आहे. त्या बाजूच्या बॅगेमागे पत्र्याचं कवच आणि मध्ये मोकळी हवा, दोन्ही हवं.

*तपासा, अ:* सगळं बांधून दोन जणांनी मागून जोरात दाबा. बॅग टायरला किंवा सायलेन्सरला लागते का?

*तपासा, आ:* गाडी परत काट्यावर. पहिल्या टप्प्यातले आकडे काढा. सामान चढवल्यावर पुढच्या चाकावरचं वजन आधीपेक्षा कमी झालं असेल, तर सामान मागच्या एक्सलच्या पलीकडे लटकतंय आणि ते पुढचं चाक उचलतंय. ते पुढे सरकवा, आणि शॉकअपचं मोजमाप पुन्हा करा.

टप्पा ८: पेट्रोलचा पल्ला

रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज धरून हिशोब करू नका. भरलेली गाडी, समोरचा वारा, चढ. लिटरला ३२ धरा. १३ लिटरला ४१६ किलोमीटर होतात आणि पंधरा टक्के राखीव ठेवले तर साडेतीनशे. आपल्या राज्यात एवढा पल्ला भरपूर. पण मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. अशा एखाद-दुसऱ्या पट्ट्यासाठी तीन लिटरचा धातूचा कॅन किंवा पेट्रोलसाठीच बनवलेली पिशवी पुरते. मोठी टाकी लावून रोजचं वजन वाढवू नका.

पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच नको. कॅन काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. शिवाय अनेक पंपांवर सुटं पेट्रोल देत नाहीत, म्हणून कॅन कुठे भरायचा ते आधी ठरवा.

टप्पा ९: वायरिंग

सगळ्या विजेच्या वस्तूंचे वॅट लिहा आणि बाराने भागा, ॲम्पियर मिळतात. वीस वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, साडेतीन ॲम्पियरच्या आत. त्याला पाचचा फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वायर कुठेही घासली तरी तो आधी उडाला पाहिजे. दिव्यांना रिले (विजेने चालणारा स्विच) लावा आणि त्याचा इशारा चावीनंतरच्या तारेवरून घ्या, म्हणजे चावी काढली की सगळं बंद होतं. हेडलाइटच्या तारेला कट मारून दिवे जोडून देणारे बरेच आहेत; त्यांच्या हातात गाडी देऊ नका.

*तपासा:* मल्टिमीटर बॅटरीवर लावा. बंद गाडीत १२.६ च्या आसपास, चालू गाडीत चार हजार आर.पी.एम.ला सर्व दिवे आणि चार्जर लावून साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट. तेराच्या खाली येत असेल तर अल्टरनेटरला भार झेपत नाही, एखादी वस्तू काढा.

टप्पा १०: चाचणी, घराच्या आसपास

साताऱ्याला राहण्याचा इथे मोठा फायदा आहे. घाट, वारा, धूळ आणि पाऊस, चारही गोष्टी एका जिल्ह्यात मिळतात. चाचणी पूर्ण सामानासह करा, अर्ध्या बॅगा भरून नव्हे.

पहिली फेरी चढ-उताराची: मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर आणि परत. उतरताना इंजिन ब्रेकवर (ॲक्सिलरेटर सोडून, खालच्या गिअरमध्ये) गाडी आवरते का, मागचा ब्रेक तापून सैल होतो का, वळणात गाडी बाहेर ओढते का, हे पाहा. ओढत असेल तर चौथ्या टप्प्यावर परत जा.

दुसरी वाऱ्याची: ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे. आडव्या वाऱ्यात बॅगांचा आकार किती त्रास देतो ते तिथे पाऊण तासात कळतं. हँडल थरथरत असेल तर मागचा वरचा भार कमी करा.

तिसरी धुळीची आणि उन्हाची: कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड. परतल्यावर एअर फिल्टर उघडा. फिल्टरच्या आतल्या बाजूला धूळ असेल तर झाकण नीट बसलेलं नाही.

चौथी पावसाची, आणि ही मुक्कामाची करा: कराड, पाटण, कोयनानगर, हेळवाक, कुंभार्ली घाट, चिपळूण. बॅगेत वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवा, भिजला की पाणी कुठून शिरतं ते समजतं. चेन त्याच संध्याकाळी पुसून तेल द्या.

*सूचना:* चाचणीच्या नावाखाली कासच्या पठारावर गाडी उतरवू नका. ते २०१२ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि मातीचा थर बोटभर जाड आहे; एका चाकाच्या चाकोरीने तिथली फुलं वर्षानुवर्षं परत येत नाहीत. कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतही डांबर सोडायचं नाही.

प्रत्येक फेरीनंतर नटबोल्ट फिरवून पाहा. बसवलेल्या सगळ्या बोल्टांना निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि डोक्यापासून चौकटीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरलाय. प्रवासात रोज सकाळी चहा येईपर्यंत एवढंच करा: रेघा, हवा, चेन, ऑइलची पातळी, स्पोक. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर रॅकचे सर्व बोल्ट पान्याने पुन्हा आवळा, रेघा जुळलेल्या दिसल्या तरी.